सहा मीटरची दोरी

भिंगरी चहा उभ्यानेच पिते. कपात दोन घोट उरलेले असतात तोवर ती दारापाशी पोचलेली असते. हे नाव तिला सासूबाईंनी दिलं, लग्नानंतर पंधरा दिवसांत. "सून आणली की भिंगरी आणली, देव जाणे," असं त्या शेजारणीला म्हणाल्या आणि नाव चिकटलं. डोंगरातल्या अकराही गावांत ती याच नावाने ओळखली जाते. खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही पाहत नाही.

मी त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली आहे. साहित्य शिकले आणि इथल्या शाळेत भाषा शिकवायला आले. भिंगरी माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. इथे मला मैत्रीण म्हणावी अशी तीच एक.

तिचं काम डोळ्यांचं. ती डॉक्टर नाही. तरुणपणी खालच्या शहरातल्या रुग्णालयात तिने वर्षभर शिक्षण घेतलं. त्यांनीच तिला इथलं दोन खोल्यांचं केंद्र सांभाळायला दिलं. एका खोलीत चष्म्यांचं कपाट, दुसऱ्यात बाकडी. पण केंद्रात ती आठवड्यातून दोनच दिवस असते. बाकी दिवस पाठीवर पिशवी टाकून गावोगाव. पिशवीत तक्ता, टॉर्च, थेंबांच्या बाटल्या, वही आणि एक दोरी.

तक्त्यावर तीन दातांच्या कंगव्यासारखी चिन्हं आहेत. दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. समोरच्याने हाताने दिशा दाखवायची. अक्षर येण्याची गरज नाही. वरची चिन्हं मोठी, खालची बारीक. चौथी ओळ दिसली तर ठीक. नाही दिसली तर नाव यादीत. वर्षातून एकदा, बर्फ पडायच्या आधी, खालून डॉक्टर बाई आणि त्यांची माणसं येतात. दरीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी इमारतीत चार दिवस शस्त्रक्रिया करतात. यादीतल्या माणसांपुरतंच सामान ते आणतात. यादी गेली की गेली. मग खिंड बंद होते आणि पुढचं वर्ष उजाडावं लागतं.

दोरी सहा मीटरची. दोन्ही टोकांना गाठ. एक गाठ तक्त्याच्या खिळ्याला, दुसरी माणसाच्या टाचेखाली. अंगण असो, गोठा असो, देवळाची ओसरी असो, दोरी ताणली की तपासणीची खोली तयार.

यादी जायला दहा दिवस होते तेव्हा सुतार आला. डॉक्टर बाईंनी कळवलं होतं की केंद्राच्या पडवीत सहा मीटरवर पिवळी पट्टी रंगवून घ्या, म्हणजे दर वेळी दोरी नको. शाळेला सुट्टी लागली होती. मी तिथेच बाकावर बसून होते.

सुताराने पोलादी टेप भिंतीपासून ओढली आणि खडूने खूण केली. भिंगरीने सवयीने दोरी ताणली. दोरी खुणेपर्यंत पोचलीच नाही.

"बाई, तुमचे सहा मीटर जरा आखडलेत," सुतार म्हणाला.

"तुझी टेप लांब झाली असेल."

"पोलादी टेप कशी लांब होईल? घरवालीची जीभ आहे का?"

तो स्वतःच हसला. भिंगरी हसली नाही. तिने टेप त्याच्या हातातून घेतली. दोरीला लावली. एकदा, दोनदा, मग उलट्या बाजूने. चार मीटर बेचाळीस.

"दीड मीटर कुठे गेला?" तिने दोरीलाच विचारलं.

तिने एका टोकाची गाठ चाचपली. मग दुसरी. दुसरी गाठ जराशी नवी होती. पीळ उलटा होता.

मला त्या क्षणी काहीच कळलं नाही. दोरी आखूड, तर आखूड. तिने मला खांद्याला धरून खडूच्या खुणेवर उभं केलं. "चौथी ओळ वाच." मी वाचली. मग दीड मीटर पुढे ओढलं. "आता वाच." मी सहावी वाचली.

"कळलं?" ती म्हणाली.

कळलं. ज्यांना दिसत नव्हतं, त्यांना ती दिसतंय म्हणून परत पाठवत होती.

घरी भाऊजी, म्हणजे तिचा दीर, जेवायला बसले होते. ते खालच्या गावापासून खिंडीपर्यंत जीप चालवतात. या रस्त्यावर दुसरी गाडी नाही. भिंगरीचा नवरा दूर बोगद्याच्या कामावर असतो, दोन महिन्यांतून एकदा येतो. घराचा रोजचा कणा म्हणजे हे भाऊजी.

भिंगरीने दोरी ताटाशेजारी ठेवली. "ही कुणी कापली?"

"कापली कुठे? थोडी घेतली." भाऊजींनी घास मोडला. "पाण्याचे पाइप न्यायचे होते वर. बांधायला काही नव्हतं. तुझी पिशवी दाराला टांगलेली होती."

"कधी?"

"झालं की वर्ष. वरच झालं असेल. पावसाळा लागायचा होता."

"आणि गाठ?"

"गाठ मारून दिली ना परत, होती तश्शी." त्यांना त्याचा जरा अभिमानच होता. "वर्षभर तुला कळलं पण नाही, वहिनी. एवढ्याशा दोरीचा काय तमाशा? उद्या नवी आणून देतो. दहा मीटर आणतो."

"मला दहा नकोत, भाऊजी. मला सहा पाहिजेत."

"जेवू दे गं त्याला," सासूबाई चुलीकडून म्हणाल्या. "दोरी काय पळून जातेय?"

भिंगरी केव्हाच आतल्या खोलीत गेली होती. तिने वह्या काढल्या. ती उभ्यानेच पानं उलटत होती, मी जमिनीवर बसून. दोरी कापण्याआधीच्या वर्षी यादीत अडतीस नावं होती. गेल्या वर्षी एकोणीस. या वर्षी आत्तापर्यंत सोळा. गेल्या वर्षीच्या एकोणीसवर डॉक्टर बाईंनी कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. तुमच्या भागातली नजर सुधारते आहे, असं त्यात होतं. ते पत्र सासूबाईंनी कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं होतं.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तो कितव्या ओळीपर्यंत पोचला ते लिहिलेलं होतं. पाचवी-सहावी वाचलेल्यांची काळजी नव्हती. जे चौथीवर कसेबसे अडकले होते, ते काठावरचे. मी मोजले. एकशे बारा.

"उद्यापासून निघायचं," ती म्हणाली. "तू टेप धर, मी तक्ता धरते."

मग तिचं बोट एका नावावर थांबलं. भाऊजींचं नाव. गेल्या वर्षी परवान्याच्या कागदासाठी तिनेच त्यांना तपासलं होतं. उजवा, चौथी. डावा, चौथी.

ती बाहेर आली. भाऊजी हात धूत होते.

"भाऊजी, जरा दारासमोर उभे राहता?"

"आत्ता?"

"दोन मिनिटं."

"मला काय धाड भरलीय? रस्त्यावरचा दगडनदगड ओळखतो मी." आणि ते किल्ली फिरवत निघून गेले.

पुढचे आठ दिवस आम्ही चालत होतो. जिथवर रस्ता तिथवर भाऊजींच्या जीपमधून, पुढे पायी. जीपमध्ये भिंगरी मुद्दाम पुढे बसायची.

"भाऊजी, पलीकडे कोण उभं आहे हो?"

"असेल कुणी."

"हात करतंय."

"करू दे. गाडी भरलीय."

गाडी भरलेली नसायची. मागे कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरसाहेब हल्ली ओळख देत नाहीत. मोठे झाले." सगळे हसले. भाऊजीही हसले. भिंगरीने खिडकीची कड घट्ट धरली होती. वळण आलं की तिचा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू ब्रेक तिच्याकडे होता.

गावात पोचलो की ती सगळ्यांसमोर तेच सांगायची. "माझी दोरी आखूड होती. मी तपासायला हवी होती. तुम्हाला चुकीचं सांगितलं. परत बघायचंय." कुठलीही प्रस्तावना नाही. मला वाटायचं, जरा सौम्य शब्द वापरावेत. मी एकदा सुचवलंही.

"शब्द तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "टेप सरळ धर."

एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सहा मीटरवरून तक्त्याकडे बघून मान हलवली. "म्हणजे तुम्ही दोरी लांब केलीत म्हणून मी आंधळा झालो होय?"

"आधीच होता, आजोबा. मीच बघितलं नाही."

"मग दोघंही आंधळे. लिहा नाव."

सगळे असे नव्हते. सातव्या गावात एक बाई पुढे आलीच नाही. पन्नाशीची असेल. भिंगरी तिच्या दारात गेली. ती धान्य निवडत होती, ताटलीला नाक लावून.

"काकू, चला ना."

"कशाला? तुमच्या कागदावर माझे डोळे चांगले आहेत." तिने मान वर केली नाही. "धान्यात खडे राहतात म्हटलं, तर घरचे म्हणाले, डोळे तपासून आलीस ना, ठीक आहेत म्हणाले ना. मग मन नाही कामात. वर्षभर कामचुकार म्हणवून घेतलं मी या घरात. सून पोरांना सांगते, आजीला नाटकं करायची सवय आहे."

सून चुलीपाशी होती. तिने पदराने हात पुसले आणि पुसतच राहिली.

भिंगरी तिथेच उकिडवी बसली. "त्या नाटकं करत नव्हत्या," ती सुनेला म्हणाली. "चूक माझी होती."

"आता सांगून काय होतंय?" काकू म्हणाल्या. पण त्या उठल्या. तक्त्यासमोर त्यांना दुसरी ओळही दिसली नाही.

त्या गावातून उतरताना भिंगरी इतकी भरभर चालत होती की मी दोनदा घसरले. ती थांबली नाही. वळणावरून तिचा आवाज आला, "दीड मीटर गं! दीड मीटर!" कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही.

एकशे बारांपैकी एकशे चार सापडले. तिघे तोवर वारले होते. चौघे खाली मुलांकडे गेले होते. यादीत तेवीस नवी नावं आली. एकशे बारांतलं उरलेलं एक नाव आमच्या घरातलं होतं.

भाऊजी घरातून पहाटेच निघायचे आणि आम्हाला जीपमध्येच भेटायचे. आम्ही परतायच्या आत झोपायचे. झोपेचं सोंग असेल. यादी सकाळी जाणार होती आणि ती त्यांच्याच जीपमधून खाली जायची होती.

त्या सकाळी जीप केंद्रासमोर उभी होती. नऊ माणसं आत, टपावर गाठोडी. भाऊजींनी किल्ली लावली. भिंगरी जीपसमोर येऊन उभी राहिली. तक्ता तिने केंद्राच्या भिंतीला आधीच टांगला होता.

"बाजूला हो, वहिनी."

"खाली उतरा."

"वहिनी, लोकं खोळंबलीत."

"लोकांसाठीच म्हणतेय."

"घरी बघू ना संध्याकाळी. चारचौघांत कशाला?"

"आठ दिवस घरीच म्हणत होते. घरी तुम्ही सापडत नाही."

आतून कुणीतरी म्हणालं, "उतरा हो, दोन मिनिटांचं काम." भाऊजी उतरले. हसत उतरले. मी टेप धरली. पिवळी पट्टी आदल्या संध्याकाळीच रंगवली होती, अजून ओली होती, म्हणून त्यांना तिच्या जरा मागे उभं केलं आणि तक्ता तेवढाच पुढे आणला. बरोबर सहा.

उजवा डोळा झाकून त्यांनी डाव्याने बघितलं. पहिली ओळ सांगितली. दुसरीला हात हवेत राहिला.

"वर, वर," जीपमधून कुजबुज आली.

"वर," भाऊजी म्हणाले.

भिंगरी जीपकडे वळली. "कोण बोललं? त्याने बसावं मग यांच्या शेजारी, घाटात हेच सांगत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे."

पुढे कुणी बोललं नाही. डावा दुसऱ्या ओळीवर थांबला. उजवा तिसऱ्या ओळीच्या पहिल्या चिन्हावर. भाऊजींनी हात खाली घेतला. तेव्हा ते हसत नव्हते.

मग जीपचं मागचं दार उघडलं. एक म्हातारी उतरली. तिच्यामागे तिचा मुलगा. मुलगा टपावर चढला आणि त्याने गाठोड्याची गाठ सोडली. एकेक करून सगळे उतरले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "ऊन व्हायच्या आत चालायला लागू." सगळं सामान उतरवून झालं तेव्हा टपावरची जाळी किती मोठी आहे ते मला पहिल्यांदा दिसलं.

भाऊजींनी किल्ली काढून भिंगरीच्या पायाशी टाकली.

यादी मीच खाली घेऊन गेले, चालत. शेवटचं नाव भिंगरीने स्वतः लिहिलं होतं. अक्षर नेहमीसारखंच, तिरकं आणि घाईचं.

घरात त्यानंतर दहा दिवस कुणी नीट बोललं नाही. सासूबाई बोलल्या, पण ते बोलणं नव्हतं. "परक्याने केलं असतं तर समजलं असतं. घरच्या माणसाच्या पोटावर पाय दिलास. तोही रस्त्यात, गाव गोळा करून."

"आई, त्या गाडीत नऊ माणसं होती."

"आणि तो दहावा नव्हता?"

भिंगरी उठली. ती अंगणात आली. झाडू उचलला, झाडलेलं अंगण परत झाडलं. झाडू ठेवला, बादली उचलली. भाऊजी उभ्या जीपमध्ये स्टिअरिंगमागे बसून होते. दिवसभर तिथेच बसायचे. जेवणाचं ताट सासूबाई तिथे नेऊन द्यायच्या.

"येतील का गं शस्त्रक्रियेला?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "नाही आले तर ओढत नेईन." मग आणखी वेळाने, "ओढून नेता येतं का माणसाला?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही अंधुक उजाडताच निघालो. एकोणचाळीस माणसं, त्यांचे नातेवाईक, दोन खेचरं. सातव्या गावातल्या काकूंचा हात सुनेने धरला होता. भिंगरी कधी पुढे, कधी मागे, मोजत होती. पहिल्या उतारावर तिने मागे पाहिलं आणि थबकली. तीसेक पावलांवर भाऊजी येत होते. एकटे. ती त्यांच्याशी बोलायला गेली नाही. पण त्यानंतर ती शेवटपर्यंत मागेच चालली. तीस पावलांचे वीस झाले, वीसचे दहा. त्याहून कमी झाले नाहीत.

दुपारी डॉक्टर बाईंनी भाऊजींना तपासलं. दिवा लावून, मग डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र लावून. परत एकदा. मग त्यांनी भिंगरीला पडद्यामागे बोलावलं. मी तिच्यासोबत गेले.

"उजव्यात मोतीबिंदू आहे. तो आज काढते. त्यातही दाब वाढलाय, पण थेंबांनी आवरेल."

"आणि डावा?"

"डाव्यात काचबिंदू. मागची नस सुकत आलीय. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकवायचं."

"गेल्या वर्षी पाठवलं असतं तर?"

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. त्यांना दोरीचं सगळं माहीत होतं. भिंगरीने यादीसोबत चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. "जास्त वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "किती, ते नाही सांगता येत."

"गाडी?"

"प्रवासी गाडी नाही. आता नाहीच. मी सांगू त्यांना?"

"नको. मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढल्या. लांब खोली, दोन्ही भिंतींना खाटा. एकेकाची पट्टी निघत होती आणि एकेक जण भलतंच काहीतरी बोलत होता. मेंढपाळ म्हणाला, "ही भिंत इतकी घाण आहे होय!" काकूंनी सुनेचा चेहरा हातात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "बारीक झालीस." सून रडायला लागली.

भाऊजींची पट्टी निघाली. त्यांनी उजव्याने छत पाहिलं, खिडकी पाहिली, मग खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली भिंगरी.

"वहिनी, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले."

"डाव्याची पट्टी कुठाय? डाव्याचं करायचं राहिलं वाटतं."

तिने सांगितलं. सरळ, जसं गावागावांत सांगितलं होतं तसं. काचबिंदू. नस. गेलेलं परत येत नाही. थेंब रोज, जन्मभर. गाडी नाही. आणि शेवटी, "गेल्या वर्षी मी बरोबर मोजलं असतं तर जास्त वाचला असता."

शेजारच्या खाटांवरचं बोलणं थांबलं होतं.

"दोरी कुणी कापली?" भाऊजी म्हणाले.

"ती मी तपासायला हवी होती."

"कापली मी."

"कापतात लोकं. दोरी आहे ती. दर महिन्याला मोजायची असा नियम आहे, भाऊजी. मी एकदाही मोजली नाही."

"तुला न विचारता घेतली मी. चोरूनच म्हण की."

"माझं काम आहे ते! तुमचं नाही!"

"माझा डोळा आहे!"

दोघांचे आवाज चढले. दोघंही तीच चूक आपल्याकडे ओढत होते, जणू कुणी हिसकावून नेईल. मी कोपऱ्यात उभी होते. मी पुस्तकांतून भांडणं पुष्कळ वाचली आहेत. हे कुठे वाचलं नव्हतं.

"भांडा की," मेंढपाळ पलीकडून म्हणाला, "पण हळू भांडा. डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हटलंय."

कुणीतरी हसलं. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधल्या. डाव्या पायाची चप्पल सापडेना. ती तिथेच होती. भिंगरीने वाकून ती पुढे सरकवली.

"कुठे निघालात? झोपून राहायचंय आज."

"बाहेर. इथे जीव घुसमटतोय." त्यांनी हात पुढे केला, पण तिच्याकडे न बघता. "आधी आईला कसं सांगायचं ते ठरवू. मग तुझ्याशी भांडतो."

दाराला उंबरा होता आणि पलीकडे पायऱ्या. भिंगरी उजवीकडून आली होती. उंबऱ्याशी ती थांबली, त्यांच्यामागून वळसा घेऊन डाव्या बाजूला आली, आणि तिथून तिने त्यांचा दंड धरला.